एका गिऱ्हाइकाचं शहर



मंडळाच्या कार्यवाहांनी मला भाषणाला बोलावताना दोन अटी घातल्या. एक, चाळीस मिनिटांत संपवा, पुढे जेवण आहे. दुसरी, विषय अर्थव्यवस्थेचा असला तरी भेडाघाटचं नाव घ्या, कारण जबलपूर म्हटलं की लोकांना संगमरवराचे कडेच आठवतात. दुसरी अट आधी पुरी करून टाकतो.

भेडाघाटला नर्मदा धुआँधारला कोसळते आणि पुढे संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून संथ वाहते. नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवून त्या कड्यांचं वर्णन करतात, आणि पौर्णिमेला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत या जागेचं नाव गेलं. घाटावरच्या दुकानांतून शिवलिंगं, गणपती, हत्ती विकले जातात. त्यातले पुष्कळसे मऊ संगजिऱ्याचे असतात, ते कोरायला सोपं जातं. तुमच्यापैकी कुणाच्या दिवाणखान्यात तो हत्ती असेल तर एकदा नखाने खरवडून बघा. या सगळ्यावर नावाड्यांची आणि कारागिरांची कुटुंबं जगतात. शहर मात्र त्यावर जगत नाही.

मग शहर कशावर जगतं? मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना हाच प्रश्न विचारायचो. पोरं पटापट सांगायची: लोहखनिज, चुनखडी, बॉक्साइट, तेंदूपत्ता, नर्मदेचं पाणी. पाठ्यपुस्तकातला नकाशा त्यांना तोंडपाठ असायचा. मग मी विचारायचो, यातलं विकत कोण घेतं आणि भाव कोण ठरवतं? वर्ग गप्प. आज मला त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की जबलपूरच्या जमिनीत, जंगलात, पाण्यात भरपूर आहे. पण शंभराहून जास्त वर्षं हे शहर मुख्यतः एकाच गिऱ्हाइकासाठी माल करत आलंय. ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. आणि जिथे गिऱ्हाईक सरकार नव्हतं, तिथेही भाव ठरवणारा माणूस जबलपूरचा क्वचितच होता.

जबलपूरची पहिली संपत्ती खनिज नव्हती, ती त्याची जागा होती. दख्खनेतून गंगेकडे जाणारा जुना रस्ता नागपूर, सिवनी, जबलपूर असा मिर्झापूरला जायचा. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून याच वाटेने महिनोन्महिने प्रवास करत मिर्झापूरच्या बाजारात पोहोचायचा. १७९८ पासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि १८१७ च्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. आपली मराठी माणसं जबलपूरला कशी, असं कुणी विचारलं तर उत्तराचं एक टोक इथे आहे.

रस्त्यावर पैसा, म्हणून रस्त्यावर ठग. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८३० च्या दशकाच्या अखेरीस माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी जबलपुरात एक उद्योगशाळा काढली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जायचे. म्हणजे शहरातला पहिला नाव घेण्याजोगा कारखाना सरकारने काढला, कामगार सरकारच्या कैदेतले, आणि तंबूंत राहणारे प्रामुख्याने साहेब लोक. पुढच्या दोनशे वर्षांची रूपरेषा त्यात आली, असं मी वर्गात म्हणायचो आणि पोरं हसायची.

रेल्वेने जागेची किंमत आणखी वाढवली. १८६७ मध्ये अलाहाबादहून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला आली. १८७० मध्ये मुंबईहून जी.आय.पी. रेल्वे तिथेच येऊन मिळाली आणि मुंबई-कलकत्ता सलग गाडीने जाता येऊ लागलं. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची ज्यूल व्हर्नची कल्पना या मार्गावाचून उभी राहिली नसती. सातपुड्यातून गोंदियापर्यंत जाणारी छोट्या रुळांची गाडी नंतर आली. ती २०१५ मध्ये बंद होऊन मार्ग रुंद झाला. आता तर पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयच २००३ पासून जबलपुरात आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९०४ मध्ये मुंबई, मद्रास आणि फतेहगढ इथलं तोफगाडे बनवण्याचं काम एकत्र करून जबलपूरला हलवलं गेलं. जबलपूरच का? समुद्रापासून लांब, सरहद्दीपासून लांब, देशाच्या मध्यावर, दोन रेल्वे मिळतात तिथे, आणि लाकडाचं जंगल हाताशी. तेव्हा तोफगाड्याला लाकूड लागायचं. गन कॅरेज फॅक्टरीचा हा निर्णय लोखंड बघून घेतलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात खमरियाला दारूगोळ्याची फॅक्टरी आली. १९६२ च्या धक्क्यानंतर देशभर संरक्षण कारखाने वाढले, आपल्याकडे नागपूरचं अंबाझरी आणि चांद्याजवळचं भद्रावती झालं, तसं जबलपूरला १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली. तिच्यासाठी ओतकाम करायला ग्रे आयर्न फाउंड्री आली. शिवाय लष्कराचा मोठा आयुध डेपो आणि दुरुस्तीची कर्मशाळा. शक्तिमान ट्रक आणि जोंगा या गाड्या तुमच्यातल्या फौजी घरांतल्यांना आठवत असतील. त्या जबलपूरच्या.

या फॅक्टऱ्यांनी शहराचं घड्याळ लावलं. सकाळी भोंगा, त्यामागोमाग सायकलींचा लोंढा, संध्याकाळी उलटा लोंढा. दुकानदाराची उधारीची वही पगाराच्या तारखेवर चालायची. आणि खरा भाव ठरायचा ओव्हरटाइमवर. युद्धाचं वारं सुटलं की ओव्हरटाइम वाढायचा, ओव्हरटाइम वाढला की सराफ्यात गर्दी. शांततेच्या काळात मिठाईवाला कपाळाला हात लावून बसायचा. लग्नाच्या बाजारात मुलगा 'फॅक्टरीत लागलाय' एवढं सांगितलं की पुढची चौकशी थांबायची. आमच्या मराठी घरांतही हेच. नोकरी पक्की, क्वार्टर पक्कं, पोराला शाळा, आईला दवाखाना. हे सुख खोटं नव्हतं. कामगारांची एक सुस्थितीतली, शिकलेली पिढी त्यातून उभी राहिली, आणि तिची मुलंच आज अशा मंडळांत भेटतात.

पण गिऱ्हाईक एकच असलं की कारखान्याला एक सवय लागते. त्याला विकावं लागत नाही. मागणी दिल्लीहून येते, किंमत खर्चावर ठरते, माल जातो. जबलपूरच्या फॅक्टऱ्या बोल्टपासून रंगापर्यंत पुष्कळ काही आपल्या आवारातच करायच्या. त्यामुळे आवाराबाहेर छोट्या कारखान्यांचं जाळं विणलंच गेलं नाही. रिछाई, अधारताल, उमरिया-डुंगरिया अशा औद्योगिक वसाहती आहेत, पण त्या आणि पिंपरी-चिंचवड यांची तुलना करायला मला संकोच वाटतो.

तरी करतो, कारण पुण्याची तुलना उपयोगी आहे. पुण्याजवळ खडकीची दारूगोळ्याची फॅक्टरी १८६९ ची, म्हणजे जबलपूरच्या फॅक्टरीपेक्षा जुनी. देहू रोडलाही एक आहे. सरकार हे गिऱ्हाईक पुण्यालाही होतं, छावणी पुण्यालाही होती. पण १९४६ मध्ये खडकीलाच किर्लोस्करांचं ऑइल इंजिन आलं आणि साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले. या मंडळींना इंजिन शेतकऱ्याला विकायचं होतं, स्कूटर कारकुनाला. त्यांनी सुट्या भागांसाठी शेकडो छोटे उद्योजक पोसले, त्यांच्याशी भावावरून भांडले, त्यांना नाकारलं, पुन्हा बोलावलं. कुशल फिटर जबलपुरातही होता, पण त्याने नोकरी सोडून शेड टाकली तर माल घ्यायला कोण होतं? मुंबईचं बंदर नऊशे-हजार किलोमीटरवर आणि भांडवल त्याहून लांब.

राजधानीचाही प्रश्न होता. राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशाच्या राजधानीसाठी जबलपूरचं नाव सुचवलं होतं. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली. अवजड विद्युत उपकरणांचा कारखाना भोपाळला, पोलादाचा भिलाईला. जबलपूरला मिळालं हायकोर्ट, आणि वीज मंडळाचं मुख्यालय. हायकोर्ट तर नागपूरचंच होतं. नागपूरचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्लासाहेब तेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. विदर्भातली कित्येक वकील आणि कारकून घराणी तेव्हा जबलपुरात आली. त्यांचं बरं झालं. पण न्यायालय आणि वीज मंडळ या दोन्ही गोष्टी पगार वाटतात, माल करत नाहीत. शहराच्या बाजारात आणखी एक पगाराची तारीख वाढली, एवढंच.

२०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. जबलपूरच्या चार फॅक्टऱ्या चार वेगवेगळ्या कंपन्यांत गेल्या. गन कॅरेजची कंपनी कानपूरला, व्हेइकलची चेन्नईजवळ आवडीला, खमरियाची पुण्याला आणि फाउंड्रीची नागपूरला. म्हणजे दोन फॅक्टऱ्यांचे मालक आता मराठी मुलखात बसतात. पूर्वी मंडळाचं एकच मुख्यालय होतं, आता चार गावांकडे बघावं लागतं. कामगार संघटनांनी विरोध केला, आणि त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. पण कंपनी झाल्यावर मागणी शोधायला बाहेर जावं लागतं, परदेशीही विकता येतं, ही गोष्ट मी वाईट मानत नाही. 'धनुष' तोफेचं उदाहरण बघा. बोफोर्सच्या करारातून मिळालेले आराखडे वर्षानुवर्षे पडून होते. त्यावर काम करून जबलपूरने १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबरची तोफ घडवली. लष्कराने ११४ तोफांची मागणी नोंदवली आणि पहिल्या सहा एप्रिल २०१९ मध्ये दिल्या गेल्या. पुढच्या तोफा ठरलेल्या वेगाने आल्या नाहीत. घडवण्याचं कौशल्य या शहरात आहे, यात मला शंका नाही. वेळेवर देण्याची सवय मात्र नकार देऊ शकणारं गिऱ्हाईक लावतं.

आता जमिनीखालच्या धनाकडे वळू. जुन्या जबलपूर जिल्ह्यात कटनी होतं. १९१५ मध्ये देशातल्या अगदी पहिल्या तीन सिमेंट कारखान्यांपैकी एक तिथे निघाला. पोरबंदर आदल्या वर्षी, लाखेरी पुढच्या वर्षी. कैमोरचा मोठा कारखाना नंतरचा. कटनीचा चुना तर घराघरांत माहीत होता. १९९८ मध्ये कटनीचा वेगळा जिल्हा झाला आणि चुनखडी, बॉक्साइट कागदावर तिकडे गेले. जबलपूरकडे सिहोरा-गोसलपूरचं लोहखनिज आणि मँगनीज राहिलं, आणि आगीत टिकणारी माती. त्या मातीवर एके काळी बर्न कंपनीची पॉटरी चालायची. जुन्या वाड्यांतले सांडपाण्याचे तपकिरी चकचकीत पाइप उकरले तर जबलपूरचा शिक्का निघू शकतो. खनिजाचं मात्र फारसं काही होत नाही. खणायचं, ट्रकमध्ये भरायचं, रेल्वेच्या डब्यात ओतायचं. पोलाद दुसरीकडे, पोलादाच्या वस्तू तिसरीकडे.

२०२५ मध्ये सिहोरा तालुक्यात सोन्याचे अंश सापडल्याच्या बातम्या आल्या. काही मथळ्यांत लाखो टन सोनं! मंडळी, माणसाने आजवर जगभरात खणून काढलेलं सगळं सोनं सव्वादोन लाख टनांच्या आसपास आहे. ज्या मातीत सोन्याचे कण आहेत त्या मातीचं वजन कुणीतरी सोन्याचं म्हणून छापलं असावं. माझ्या एका मित्राने तिथे जमीन घ्यावी का, असं रात्री फोन करून विचारलं होतं. मी त्याला झोपायला सांगितलं.

जंगलातलं धन म्हणजे तेंदूपत्ता. १८९९ च्या छप्पनिया दुष्काळात गुजरातेतून पोटासाठी निघालेली काही कुटुंबं गोंदिया-जबलपूर भागात आली, त्यांनी इथला तेंदू ओळखला आणि बिडीचा धंदा उभा केला. मोहनलाल हरगोविंददास यांची जबलपूरची पेढी त्यातली मोठी. या धंद्याला सरकार गिऱ्हाईक नव्हतं. बिडी ओढणारा साऱ्या देशात होता. पण साखळी बघा. उन्हाळ्यात गोंड आणि बैगा कुटुंबं पहाटे रानात जाऊन पानं तोडतात, पन्नास पानांची गड्डी बांधतात. १९६४ च्या कायद्यापासून पान सरकारच्या ताब्यात, भाव सरकारचा. नंतर सहकारी संघ आला, बोनस आला. बिडी वळते बाई, घरी बसून. तिला पान-तंबाखू देतो सट्टेदार, तो बिड्या मोजून परत घेतो आणि नापास बिड्यांची छाटही तोच काढतो. तोडणारा आणि वळणारी, या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही आणि दोघांनाही भाव विचारण्याची सोय नाही. बिडी उतरणीला लागली आहे, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्या बायकांना पुढे काय, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. लेमा गार्डनजवळच्या तयार कपड्यांच्या गाळ्यांत, जिथे सलवार-सूट शिवले जातात, तिथे काहींना काम मिळतं. हा धंदा स्थानिक लोकांनी स्वतः वाढवलेला आहे आणि त्याचं गिऱ्हाईक शेकडो गावांतलं आहे. त्याच्याबद्दल जबलपुरातच कमी बोललं जातं, कारण त्याला भोंगा नाही.

नर्मदेबद्दल बोलताना मात्र आवाज थोडा वर जातो, माफ करा. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण १९९० मध्ये पुरं झालं. खुद्द नर्मदेवर बांधून झालेलं ते पहिलं मोठं धरण. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. वीज ९० मेगावॉट. उजव्या कालव्याचं पाणी स्लीमनाबादच्या टेकडीपलीकडे न्यायचा सुमारे बारा किलोमीटरचा बोगदा दीड दशकाहून जास्त काळ रेंगाळला. ज्यांची शेतं गेली त्यांनी जलाशयातल्या मासळीवर हक्क मागितला, आणि १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला तो मिळाला. गावोगावच्या सोसायट्या, स्वतःचे तराजू, स्वतःचा हिशेब. ज्यांनी कधी जाळं टाकलं नव्हतं, त्या शेतकऱ्यांनी मासेमारी शिकून घेतली. काही वर्षांनी तो हक्क काढून घेतला गेला. का काढला याची सरकारी कारणं आहेत. ती मला पटलेली नाहीत. आणि त्याच जलाशयाच्या काठी चुटका इथे १४०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. एकदा उठलेल्या माणसांना पुन्हा उठावं लागेल.

शेवटी शेती. जबलपूर आणि पाटणच्या काळ्या, चिकट जमिनीत एक जुनी रीत होती, तिला हवेली म्हणतात. उंच बांध घालून शेतं पावसाळाभर पाण्याखाली ठेवायची. कांस आणि इतर तण कुजून जायचं, जमीन पोटभर पाणी प्यायची. आश्विनात बांध फोडून पाणी खालच्या शेताला सोडायचं आणि वाफसा आला की गहू, हरभरा, मसूर पेरायचा. वरच्या शेतकऱ्याने पाणी कधी सोडायचं हे खालच्याशी बोलूनच ठरायचं. वर्षाला एकच पीक, पण खत नाही, विहीर नाही. विंधनविहिरी आल्या, दोन पिकांची हाव आली, म्हणजे गरजच आली, आणि बांध मोडले.

मोडलेल्या बांधांवर आलं सोयाबीन. जबलपूरचं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ चं, आणि सोयाबीन भारतात रुजवण्याचं काम ज्या मोजक्या ठिकाणी झालं त्यातलं हे एक. त्याचं 'जे.एस. ३३५' हे वाण नव्वदच्या दशकात आलं. लातूर, अकोला, वाशीमकडचे कुणी इथे असतील तर त्यांना हे नाव सांगायला नको; वर्षानुवर्षे मराठवाडा आणि विदर्भ त्याच बियाण्यावर चालला. जबलपूरने महाराष्ट्राला पाठवलेला सगळ्यात मोठा माल माझ्या मते हाच. त्याची नोंद कुठल्याही फॅक्टरीच्या ताळेबंदात नाही, आणि आपल्या लोकांना तो जबलपूरचा हेही माहीत नाही.

आता मटार आलाय. शहापुरा, पाटण, पनागर, सिहोरा या पट्ट्यात भात काढला की मटार पेरतात, आणि हिवाळ्यात ट्रकच्या ट्रक नागपूर, मुंबई, हैदराबादला जातात. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच लिहिलेला आहे, तोफ नाही. मालाची आवक एकदम झाली की भाव इतका पडतो की तोडणीची मजुरी सुटत नाही. मटार गोठवून ठेवणारे कारखाने निघताहेत, पण मालाच्या मानाने थोडे. पाटणकडचा माझा एक जुना विद्यार्थी मटार करतो. त्याचे वडील व्हेइकल फॅक्टरीत होते. तो रात्री फोनवर तीन शहरांचे भाव बघतो, मुंबईचा व्यापारी कमी बोलला तर हैदराबादला फोन लावतो, आणि दर जानेवारीत शिव्या देतो की सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा, माणसाने जगायचं कसं. त्याच्या वडिलांवर अशा शिव्या द्यायची वेळ कधी आली नाही. यंदा त्याने शेजारच्या चौघांना घेऊन मटार गोठवायचं छोटं युनिट टाकायचं ठरवलंय आणि बँकेचे कागद माझ्याकडे तपासायला पाठवलेत. कर्जाची रक्कम मला जरा जास्त वाटते आहे. तुमच्यापैकी कुणी शीतगृहाच्या धंद्यात असेल, तर जेवताना मला जरूर गाठा.